बाळू पालवणकर कोणाचे देणे लागत होते?

दरवर्षी 14 एप्रिल जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. अमुक अभिनेता आपला, तमुक कलेक्टर आपला, तो खेळाडूसुद्धा आपलाच. पण एकाने तरी जाहीरपणे 'जयभीम' म्हटले का? खाली शिव्यांची रांग लागते. समाजाच्या जिवावर मोठे झाले आणि समाजाला विसरले, हा त्या सगळ्याचा सूर. हा राग मला समजतो. ज्यांच्या आईबापांनी एक वेळ उपाशी राहून पोराला शिकवले, त्यांना तो राग येणारच. पण 'त्याने बोलायला हवे होते' एवढ्यावर हा प्रश्न सुटतो का? मला वाटते, सुटत नाही. कारण याच मुंबईत, भायखळा-परळच्या मतदारसंघात, एक असा माणूस होऊन गेला जो मोठा झाला, समाजाला विसरला नाही, गप्पही बसला नाही, उलट निवडणुकीला उभा राहिला. आणि उभा राहिला तो थेट बाबासाहेबांच्या विरोधात.

त्याचे नाव पालवणकर बाळू.

प्रभादेवीत पी. बाळू मार्ग नावाचा रस्ता आहे. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखोंपैकी कितीतरी जण त्या भागातून चालत जातात. हा पी. बाळू कोण, असे विचारले तर दहातले नऊ जण मान हलवतील. क्रिकेटवाले त्याला विसरले याचे नवल नाही. आपणही विसरलो, आणि त्यामागे थोडी अडचणही आहे: या माणसाला कुठल्या रकान्यात टाकायचे ते आपल्याला ठरवता आलेले नाही.

बाळूंचा जन्म धारवाडचा, घराणे मूळ कोकणातले, जात चर्मकार. त्या काळच्या भाषेत चांभार. वडील लष्करी नोकरीत. पुण्यात पारशांच्या क्लबात पोरगा खेळपट्टी झाडायला, रोलर फिरवायला लागला. पगार महिना 3 रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला, पगार 4 रुपये झाला. तिथे सरावासाठी जाळी बांधायची, खेळपट्टी तयार करायची आणि साहेबांना गोलंदाजी टाकायची. कॅप्टन ग्रेग हा तेव्हाचा नावाजलेला इंग्रज फलंदाज. बाळूने त्याला बाद केले की तो दर वेळी 8 आणे देत असे, असे सांगतात. मात्र इतकी वर्षे जाळीत चेंडू टाकणाऱ्या बाळूच्या हातात बॅट काही कोणी दिली नाही. बॅट साहेबाची, चेंडू नोकराचा. डावखुरी फिरकी तिथेच तयार झाली.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवा होता. मग त्याला संघात घेतले. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घेत होते. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत कपबशीत पीत आणि बाळूला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळ्या पंगतीला. रामचंद्र गुहा यांनी हा इतिहास तपशिलाने लिहिला आहे. ते लिहितात, की न्यायमूर्ती रानड्यांनी या लोकांना जाहीरपणे सुनावले: त्याच्याबरोबर खेळता तर त्याच्याबरोबर खाल्लेही पाहिजे. टिळकांनी एका सभेत बाळूच्या गळ्यात हार घातला. हार घालायला काय लागते? हार घालताना माणसाला शिवावे लागत नाही.

1896 च्या सुमारास बाळू मुंबईला आले. बॉम्बे बडोदा रेल्वेत नोकरी, परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून क्रिकेट. पाठोपाठ शिवराम, गणपत, विठ्ठल हे भाऊही खेळायला लागले. 1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले आणि बाळूंचा त्यात मोठा वाटा होता. गोऱ्या साहेबाला त्याच्याच खेळात हरवल्याचा आनंद शहरभर झाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे घडले ते त्यानंतर. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकांच्या पत्राने या विजयाचे कौतुक करताना तो हिंदू समाजाच्या सुधारणेचा दाखला ठरवला. बघा, आम्ही चांभाराला संघात घेतले, आधी मैदानात, मग चहाला, मग पंगतीला, आणि जिंकलो.

बळी बाळूंनी घेतले आणि दाखला मिळाला हिंदू समाजाला. इथून पुढे बाळूंच्या आयुष्यात हेच वारंवार होत राहिले.

1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ गेला. संघ हरत राहिला, पण बाळूंनी दौऱ्यात 114 बळी घेतले, सरासरी 18.84. परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र भीमराव आंबेडकर नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने लिहिले होते, असे क्रिकेटच्या इतिहासात नोंदलेले आहे. कल्पना करा. एल्फिन्स्टन कॉलेजचा तो विद्यार्थी, अजून अमेरिकेला गेलेला नाही, अजून बाबासाहेब झालेला नाही. त्याच्यासमोर आपल्या माणसांत जगभर नाव झालेला एकच माणूस आहे आणि तो क्रिकेटपटू आहे. त्या काळच्या अस्पृश्य तरुणांसाठी बाळू म्हणजे 'आपणही करू शकतो' याचा जिवंत पुरावा होता. हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्यातल्या काहींना बाळूंचे नाव घेतले की लगेच 'हरिजन' नेत्यांची यादी आठवते. त्यांनी हे मानपत्रही आठवावे.

इतका मोठा खेळाडू, पण हिंदू संघाचा कर्णधार त्यांना कधी केले नाही. वर्षामागून वर्षे कमी पात्रतेचे सवर्ण कर्णधार होत गेले.

1920 साली मात्र स्फोट झाला. चौरंगी सामन्यांसाठी निवडलेल्या संघातून बाळूंना वगळले. ठरलेले कर्णधार एम. डी. पै आजारी पडले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोन ज्येष्ठ खेळाडू हाताशी असताना पुण्याच्या दि. ब. देवधरांना कर्णधार केले गेले. विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि नुसते बाहेर पडले नाहीत, तर जातीमुळे आपला अपमान होतो आहे हे त्यांनी जाहीर केले. वर्तमानपत्रांत वाद पेटला. पुढच्या सामन्याला पै परत आले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार केले, भाऊ परतले. आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेल्याने बाळूंना प्रत्यक्ष नेतृत्व करता आले. तीन वर्षांनी, 1923 मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचा रीतसर कर्णधार झाला, त्याने युरोपियनांना हरवले आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेतले.

माझ्या मते पालवणकर बंधूंनी समाजासाठी केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे 1920 चा हा बहिष्कार. त्यांनी भाषण केले नाही, संघटना काढली नाही. तुम्हाला आमचा खेळ हवा, आम्ही नको, तर आमचा खेळही मिळणार नाही, एवढेच सांगितले. इतकी वर्षे जो दाखला हिंदू समाज वापरत होता तो त्यांनी चार दिवसांसाठी परत मागून घेतला, आणि चार दिवसांत जिमखाना वाकला. महाडच्या सात वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

मग हाच माणूस 1932 ला काय करतो?

त्या वर्षी मद्रासचे एम. सी. राजा आणि हिंदू महासभेचे डॉ. मुंजे यांच्यात करार झाला: अस्पृश्यांना राखीव जागा, पण संयुक्त मतदारसंघ. बाबासाहेब गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघासाठी लढत असताना त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढण्याचा हा प्रकार होता. बाळू राजांच्या बाजूने उभे राहिले. ऑगस्टमध्ये जातीय निवाडा आला, सप्टेंबरमध्ये गांधींचे येरवड्यात उपोषण झाले आणि 24 सप्टेंबरला पुणे करार. त्या करारावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. नंतर त्यांनी हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली आणि हरले. 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, तेव्हा बाळूंच्या मते धर्मांतर म्हणजे समाजाची आत्महत्या होती. आणि फेब्रुवारी 1937 मध्ये, प्रांतिक निवडणुकीत, भायखळा-परळच्या राखीव जागेवर काँग्रेसने बाबासाहेबांसमोर त्यांना उभे केले.

काँग्रेसची निवड किती विचारपूर्वक होती ते पाहा. परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांनी वीसहून अधिक वर्षे काढली होती. दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय होते. गिरणगावातला कामगार त्यांचा, आणि स्वतंत्र मजूर पक्ष त्याच कामगाराच्या नावाने काढलेला. इथे सवर्ण उमेदवार चालला नसता, राखीव जागा होती. अस्पृश्यच हवा होता, आणि असा की ज्याचे नाव प्रत्येक चाळीत माहीत आहे, ज्याच्याबद्दल कोणी वाईट बोलणार नाही आणि जो महार नाही. हा शेवटचा मुद्दा उघडपणे बोलला जात नाही, म्हणून मी बोलतो. आंबेडकर हे फक्त महारांचे पुढारी आहेत हे सिद्ध करण्यासाठी चर्मकार बाळू हवे होते. निकाल लागला: बाबासाहेब 13,245, बाळू 11,225. फरक 2,020 मतांचा. म्हणजे फार मोठा नव्हे.

आता आपल्या मेसेजवाल्या तरुणाला विचारतो: बाळू समाजाला विसरले होते का? 'चमचा' हा शब्द इथे पटकन तोंडात येतो. कांशीराम साहेबांनी पुणे कराराला 50 वर्षे झाली त्या दिवशी, 24 सप्टेंबर 1982 ला, 'चमचा युग' प्रसिद्ध केले, आणि त्या पुस्तकाचा मुद्दा लोक समजतात त्याहून बारीक आहे. चमचा हा कुणाच्या स्वभावात जन्मत नाही, त्याला व्यवस्था जन्माला घालते, हे तिथे मांडले आहे. राखीव जागा अस्पृश्याची, पण त्याला निवडून देणारी बहुसंख्य मते सवर्णांची. मग त्या जागेवर कोण बसेल हे सवर्णच ठरवणार. बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ मागत होते ते याच कारणासाठी. मोठ्या माणसाने समाजाची जाण ठेवावी, असा उपदेश करून ते थांबले नाहीत. त्यांनी विचारले, हा माणूस उत्तर कोणाला देणार? ज्याची मते त्याला उत्तर. पुणे करारात जागा 148 झाल्या, पण उत्तर मागण्याचा हक्क हातून गेला.

बाळूंच्या आयुष्यात हे आधीच घडले होते, फक्त मतपेटीऐवजी मैदानावर. त्यांना निवडणारी समिती सवर्णांची, टाळ्या वाजवणारे सवर्ण, हार घालणारे सवर्ण. जिमखान्याने हळूहळू का होईना पंगतीला बसवले, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. त्या अनुभवातून त्यांनी प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला, की हिंदू समाज सुधारतो आहे, थोडा धीर धरा, गांधींवर विश्वास ठेवा. एका माणसाच्या बाबतीत तो निष्कर्ष खराही होता. चूक इथेच झाली. अकरा जणांच्या संघात एका असामान्य गोलंदाजाला जागा मिळाली म्हणून गावकुसाबाहेरच्या कोट्यवधींना विहीर मोकळी होईल, हे गणित बसत नाही. संघाला बाळूची गरज होती. गावाला कोणत्या महार-चर्मकार-मांगाची अशी गरज होती की त्याच्यासाठी गाव वाकेल?

अमेरिकेत याची जुळी गोष्ट घडली. 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन हा गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळणारा त्या काळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. दोन वर्षांनी, जुलै 1949 मध्ये, अमेरिकन संसदेच्या एका समितीने त्याला साक्षीला बोलावले. कशासाठी? पॉल रोब्सनच्या विरोधात. रोब्सन हा मोठा गायक, नट, आणि वर्णभेदावर सरकारला न पेलणारे बोलणारा. रॉबिन्सनने त्या साक्षीत वर्णभेदावरही कडक बोलून घेतले होते. वर्तमानपत्रांनी ते मागे टाकले आणि त्याने रोब्सनला खोडून काढले एवढेच उचलून धरले. पुढच्या वर्षी सरकारने रोब्सनचा पासपोर्ट काढून घेतला. 1972 मध्ये, मरणाच्या वर्षी आलेल्या आत्मचरित्रात, रॉबिन्सनने त्या साक्षीबद्दल फेरविचार केला आणि रोब्सनबद्दलचा आपला आदर वाढल्याचे लिहिले.

एम. सी. राजांना इतका वेळ लागला नाही. 1938 मध्ये त्यांनी मद्रास कायदेमंडळात मंदिरप्रवेशाचे विधेयक आणले. काँग्रेसचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी विरोधात गेले आणि ते पडले. राजांनी गांधींकडे तक्रार केली. गांधींनी राजाजींवर विश्वास ठेवायला सांगितले. सहा वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी आंबेडकरांच्या विरोधात सही केली, त्यांना आता राजांच्या सहीची गरज उरलेली नव्हती. बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधींवरच्या 1945 च्या ग्रंथात हे प्रकरण मांडले आहे, जरूर वाचा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. बाबासाहेब तरी सवर्णांच्या सरकारात बसलेच ना? बसले. 1942 ते 46 व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात आणि 1947 पासून नेहरूंच्या. मग फरक काय? व्हाइसरॉयकडे असताना त्यांनी 1943 मध्ये सरकारी नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के आरक्षण पदरात पाडून घेतले, परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मिळवल्या. नेहरूंच्या मंत्रिमंडळात हिंदू कोड बिल गुंडाळले गेले, अनुसूचित जातींची हेळसांड चालली, तेव्हा सप्टेंबर 1951 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले आणि कारणे छापील निवेदनात दिली. त्यांच्या तिथे असण्याचा दाखला सरकारला फुकट वापरू दिला नाही. 1920 ला विठ्ठल-शिवरामने जे केले तेच, फार मोठ्या प्रमाणावर.

म्हणून आजच्या यशस्वी माणसाकडून मला जयभीमची पोस्ट नको. घातली तर आनंद आहे, नाही घातली तरी चालेल. कंपनीत, सेटवर, ड्रेसिंग रूममध्ये त्याला काय सोसावे लागते ते आपल्याला घरी बसून कळत नाही. जात सांगितल्यावर भाड्याचे घर हातचे जाते हे या शहरात कोणाला नवे आहे? प्रत्येकाने छातीवर फलक लावून फिरावे, असा हट्ट धरणे म्हणजे सवर्णाच्या मुलाला जे ओझे नसते ते आपल्याच पोरावर लादणे. तो उत्तम सर्जन असेल तर उत्तम शस्त्रक्रिया करू दे. पण जेव्हा कोणी त्याला मंचावर बसवून म्हणते, 'बघा, हे पोहोचले, म्हणजे आता जात राहिली नाही, आरक्षण कशाला', तेव्हा त्याने त्या खुर्चीवर बसून राहू नये. आरक्षणाविरोधी लेखात आपला फोटो छापू देऊ नये. आपल्याच चळवळीतल्या माणसाला पाडण्यासाठी आपले नाव उसने देऊ नये. एवढे देणे तो लागतो. हे देणे समाजाच्या उपकाराचे नाही, खरे बोलण्याचे आहे: मी एकटा पोहोचलो, बाकीचे दाराबाहेर आहेत, हे खरे आहे म्हणून सांगायचे.

आणि समाज त्याचे काय देणे लागतो, हेही कधीतरी मोजायला हवे. बाळूंना काँग्रेसने उभे केले, पण चर्मकार समाजाला आपलेसे करण्यात आपण किती पुढे गेलो होतो? सी. ना. शिवतरकर मास्तरांसारखा चर्मकार कार्यकर्ता बहिष्कृत हितकारिणी सभेचा चिटणीस होता. सुरुवात चांगली होती. तरीही दरी राहिली, आणि ती सगळी काँग्रेसने खणली असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. चर्मकार वस्तीत बाबासाहेबांची जयंती किती ठिकाणी 'आपली' म्हणून होते आणि रविदासांच्या जयंतीला आपण किती जातो, हे प्रत्येकाने आपापल्या वॉर्डात पाहावे. आपल्या जातीतल्या सेलिब्रिटीला 'समाज' आठवतो का, असे विचारताना 'समाज' म्हणजे नेमके कोण, हे आपणच एका जातीपुरते करून ठेवले असेल, तर काँग्रेसने 1937 ला जे सिद्ध करायचा प्रयत्न केला तेच आपण फुकटात सिद्ध करतो.

जातीने माणसाची बाजू ठरत नाही, याचा पुरावाही याच इतिहासात आहे. पुण्याचे पां. ना. राजभोज हेही चर्मकार. पुणे करारावर त्यांचीही सही आहे, बाळूंसारखीच. पण दहा वर्षांनी, 1942 मध्ये, नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले तेव्हा राजभोज त्याचे सरचिटणीस झाले. जी बाजू 1932 ला घेतली ती त्यांनी अनुभवाने सोडली, आणि बाबासाहेबांनी जुनी सही पुढे करून त्यांना दारात अडवले नाही.

1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे राहिले. मंत्रिपद सोडून चार महिनेही झाले नव्हते. काँग्रेसने पुन्हा 1937 चाच डाव टाकला: नारायण काजरोळकर, चर्मकार. या वेळी डाव लागला. बाबासाहेब सुमारे 15 हजार मतांनी पडले. त्याच निवडणुकीत सोलापुरातून फेडरेशनचा उमेदवार लोकसभेवर निवडून आला, तो पां. ना. राजभोज. बाबासाहेबांना राज्यसभेत जावे लागले. लोकसभेत काजरोळकर एका बाजूच्या बाकावर बसले, राजभोज दुसऱ्या. बाळू तेव्हा मुंबईतच होते. जुलै 1955 मध्ये ते वारले.